गांजा सोडायला गोळी का थेरपी?

डोंबिवलीकर: काल इथे कोणीतरी ठोकून दिलंय की समुपदेशन म्हणजे टाइमपास, गांजा सोडायचाय तर गोळी घ्या, महिन्यात मोकळे. कुठली गोळी? नाव सांगा ना. ब्राउन शुगरला ब्युप्रेनॉर्फिन आहे, दारूलाही औषधं आहेत, गांजासाठी अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मंजुरी देणारी तिथली संस्था) एकही मंजूर केलेलं नाही. एन-अॅसिटिलसिस्टीन नावाचं औषध २०१२ला टीनएजर्समध्ये चाललं, २०१७ला मोठ्यांवर ट्रायल झाली तर डमी गोळीइतकंच. त्यापेक्षा सीबीटीला जा, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारं समुपदेशन.

लालबागची ताई: ते मीच लिहिलंय. माझ्या भावाने सोडला तेव्हा पहिला आठवडा झोप नाही, घामाने चादर ओली, आईने वाढलेलं ताट भिरकावलं, दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही पाच जणं, आणि काउन्सेलर सांगतायत डायरी लिही! सायकियाट्रिस्टने झोपेची गोळी दिली म्हणून तग धरला. वर एका तासाचे दीड हजार, कोणाच्या पगारात बसतं?

डोंबिवलीकर: मग ती झोपेची गोळी झाली, गांजाची नव्हे. आणि केईएम, सायन, नायरला सायकियाट्री ओपीडी आहे, केस पेपर काढा.

पार्लेवाला: केस पेपर काढला की नाव पोलिसांत! माझ्या मावशीने याच भीतीने पोराला वर्षभर डॉक्टर दाखवला नाही. भांग अमली पदार्थांच्या केंद्रीय कायद्यात (एनडीपीएस) येत नाही आणि गांजा ओढला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, आधी ते बदला.

सायनची नर्स: अहो असं काही पसरवू नका, तुमच्यासारख्यांमुळेच पेशंट उशिरा येतात. एनडीपीएस कलम ६४अ वाचा, स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसावर सेवनाचा खटला चालत नाही.

पार्लेवाला: आणि उपचार अर्धवट सोडले तर?

सायनची नर्स: तर ते संरक्षण काढून घेता येतं, खरंय. म्हणून पूर्ण करायचे.

पार्लेवाला: म्हणजे टांगती तलवार आहेच! गांजावाले कितीदा सोडून परत ओढतात तुम्हाला माहितीय. मावशीला काय सांगू मी?

सायनची नर्स: माझ्यासोबत पाठवा त्यांना, मी उभी राहीन ओपीडीत.

लालबागची ताई: मूळ विषय राहिला. डोंबिवलीकर, "महिन्यात मोकळे" हे माझं चुकलं, तीन महिन्यांनी भाऊ परत ओढायला लागला आणि तेव्हा दर गुरुवारी बसून बोलण्यानेच सुटला. पण पहिल्या पंधरा दिवसांत झोप लागली नसती तर तो त्या खुर्चीपर्यंत पोचलाच नसता.

डोंबिवलीकर: एवढं मान्य. पण काल असं लिहिलं नव्हतंत.