माठ सांगतो हवा कधी बदलली ते
ताई, तलावाकाठी घर घेतलं तर उन्हाळा सुसह्य होईल का, असं तुम्ही विचारलंत. आम्ही बडोद्यात सूरसागर तलावाजवळ राहतो, म्हणून लिहितोय.

एप्रिल-मेमध्ये थोडा फायदा होतो. पारा ४२-४३ वर असतो, पण हवा कोरडी. दिवसभर पाणी तापायला वेळ घेतं, त्यामुळे काठावरून येणारी झुळूक बरी वाटते. रात्री मात्र तेच पाणी उशिरापर्यंत कोमट राहतं आणि शेजारची हवा लवकर निवत नाही.

खरा त्रास जूनचा. खंभातच्या आखाताकडून दमट वारे यायला लागले की पारा उतरतो, उकाडा मात्र वाढतो. आमच्याकडे हे आधी माठ सांगतो. मेमध्ये त्याचं बूड सतत ओलं आणि पाणी गारेगार. जूनमध्येही तो पाझरतो, पण दमट हवेत ते पाणी लवकर उडत नाही, म्हणून आतलं पाणी जेमतेम थंड. अंगावरच्या घामाचंही तेच. पापड वाळवायचे ते मे संपायच्या आत, नंतर ते हाताला चिकट लागतात.

कूलरचं म्हणाल तर जूनमध्ये त्याचा पाण्याचा पंप बंद करा, नुसता पंखा चालवा आणि समोरची खिडकी पूर्ण उघडी ठेवा. नाहीतर खोलीचं न्हाणीघर होतं. आईला दमा आहे, तिला या दमटपणात रात्र रात्र झोप येत नाही. घरात म्हातारं माणूस असेल तर घर मेमध्ये बघू नका, जूनच्या मध्यावर एकदा रात्री जाऊन बघा.