मदत हवी आहे: छोट्या खोट्याची पहिली पायरी पकडणारा सराव

सुपरवायझर आणि टीम लीडरसाठी नैतिक नेतृत्वावर ९० मिनिटांचं सत्र बेतायचंय. गाभा म्हणून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचा २०१६ चा प्रयोग घेतलाय. नाण्यांनी भरलेल्या बरणीचा फोटो पाहून जोडीदाराला अंदाज सांगायचा. फुगवून सांगितला की आपला फायदा, त्याचं नुकसान. खोटं हळूहळू वाढत गेलं, तसतशी मेंदूतल्या अमिग्डालाची प्रतिक्रिया मंदावत गेली. फायदा फक्त दुसऱ्याचा असेल तेव्हा मात्र ते वाढलं नाही.

घोळ स्लाइडवर होतो. 'अमिग्डाला म्हणजे अपराधभावाचं केंद्र' असं लिहून लोक मोकळे होतात! तो भाग भीती, नवलाई, बक्षीस अशा कशालाही प्रतिसाद देतो. नुसत्या स्कॅनवरून भावना ठरत नाही.

तर, पेट्रोलच्या बिलात ४० चे ६० किलोमीटर, रजिस्टरवर मागच्या तारखेची सही, अशा पहिल्याच घसरणीवर बोट ठेवणारा सराव कुणी घेतलाय का? गट १२ ते १५ जणांचा, आणि कुणाचंही नाव उघड होता कामा नये. फॉर्मच्या सुरुवातीलाच प्रामाणिकपणाची सही घ्या, हे कृपया सुचवू नका. त्यामागचा २०१२ चा शोधनिबंध २०२१ मध्ये मागे घेतला गेलाय.