अनुभव धागा: खान्देशातील घरखर्च आणि काटकसर

खान्देशातल्या कितीतरी घरांत पैसा महिन्याच्या महिन्याला येत नाही. कापसाचा पैसा दसरा-दिवाळीनंतर येऊ लागतो आणि संक्रांतीनंतर आटतो; केळीचा पैसा घड कापणीला आले की एकदम हाती पडतो, आणि त्या आठवड्यात भाव काय असेल हे आधी कोणालाच सांगता येत नाही; सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचे, साल आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरते. खर्च मात्र दर आठवडी बाजाराला, दर महिन्याच्या वीजबिलाला आणि दर जूनमध्ये शाळा उघडताना ठरलेला असतो. एकरकमी येणारे उत्पन्न आणि रोजचा खर्च यांची सांगड घालणे, हीच आपल्याकडच्या घरांची खरी कसरत आहे, असे मला वाटते.

लिहिणाऱ्यांना एक विनंती आहे. आपण काय केले, त्यासाठी किती कष्ट पडले आणि ती काटकसर घरात नेमकी कोणाच्या वाट्याला आली, या तीनही गोष्टी लिहाव्यात. तिसरा प्रश्न मी मुद्दाम विचारते आहे. घरखर्च कमी झाला असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा तो घरातल्या एखाद्या बाईच्या ताटातून किंवा तिच्या झोपेतून कमी झालेला असतो, आणि त्याचा हिशोब कुठल्याच वहीत लिहिला जात नाही.

चोपडा तालुका, शेतकरी कुटुंबातील गृहिणी

आमच्या घरी होळी झाली की वर्षाचे धान्य भरण्याचा विषय निघतो. त्या सुमारास नवा गहू बाजारात येतो, दादर ज्वारीची काढणी झालेली असते आणि तूर त्याआधीच घरात आलेली असते. पाच माणसांच्या आमच्या घराला वर्षाला साधारण तीन क्विंटल गहू आणि दोन क्विंटल दादर पुरते. हंगामात घेतलेला गहू आणि दिवाळीच्या सुमारास दुकानातून किलो-किलोने आणलेला गहू यांच्या भावात क्विंटलमागे काहीशे रुपयांचा फरक पडतो. याहून मोठा फायदा असा की, पावसाळ्यात शेतीला पैसा घालून हात रिकामे झालेले असतात, तेव्हा भाकरीची चिंता उरलेली नसते.

धान्य भरणे सोपे आहे, टिकवणे कठीण आहे. चैत्राचे कडक ऊन गव्हाला दोन-तीन दिवस दाखवल्याशिवाय आम्ही तो कोठीत टाकत नाही, आणि उन्हातून काढलेला गहू गरम असतानाच भरत नाही, कारण झाकणाखाली वाफ धरली की कीड लवकर लागते. कोठी जमिनीला टेकलेली नसते. खाली लाकडी फळी असते. गव्हाला एरंडेल तेलाचा हलका हात लावतो आणि थरांमध्ये कडुनिंबाचा सावलीत वाळवलेला पाला घालतो. धान्यात ठेवण्यासाठी काही लोक विषारी वायू सोडणाऱ्या गोळ्या आणतात. माझी कळकळीची विनंती आहे की, माणसे ज्या घरात झोपतात त्या घरात त्या गोळ्या आणू नयेत. त्या वायूने माणसे दगावतात. दोन पायली धान्य किडले तर ते कोंबड्यांना घालता येते.

तूरडाळ आम्ही घरच्या तुरीची करतो. तुरीला पाण्याचा आणि तेलाचा हात लावून ती रात्रभर झाकून ठेवायची, मग ऊन द्यायचे आणि गिरणीत भरडून आणायची. शंभर किलो तुरीला सत्तर-पंचाहत्तर किलो डाळ मिळते आणि चुरी गुरांना जाते. पापडासाठी उडीद भरडले की जो चुरा उरतो तो दादरमध्ये मिसळून दळतो. त्या पिठाची, म्हणजे कळण्याची भाकरी, ठेचा आणि वांग्याचे भरीत एवढ्यावर आमचे हिवाळ्यातले रात्रीचे जेवण होते आणि त्यात कोणाला काही कमी पडल्यासारखे वाटत नाही. उडीद आणि मूग भादव्यात नवे येतात, तेव्हाच घेऊन ठेवते.

आता तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर. हे सगळे काम पूर्वी सासूबाई आणि मी दोघीच करत होतो. गेल्या काही वर्षांपासून धान्य गच्चीवर चढवणे, पसरवणे आणि उतरवणे ही कामे मुलगा आणि त्याचे वडील करतात. मी तसे स्पष्ट सांगितले आणि ते ऐकले गेले. त्यापूर्वी माझी कंबर पूर्ण चैत्रभर धरलेली असायची.

शिरपूर तालुका, परिचारिका अभ्यासक्रमाची विद्यार्थिनी

वरचा अनुभव वाचून मला दुसरी बाजू मांडावीशी वाटते. माझे वडील सालदार आहेत. वर्षाचे धान्य एकदम भरायला एकदम पैसा लागतो आणि ज्याच्याकडे तो नसतो त्याला तीच वस्तू महाग मिळते. दहा रुपयांचे तेल, पाच रुपयांची चहापत्ती, एक पुडी मसाला अशी रोजची खरेदी करणारे कुटुंब किलोमागे श्रीमंत घरापेक्षा जास्त पैसे मोजते. गरिबाला काटकसर शिकवणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

आमच्या आईने यावर एक उपाय काढला. आखाजीला साल ठरताना जी उचल मिळते, तिच्यातून कपडे किंवा भांडी घेण्याआधी तेलाचा डबा, गूळ आणि मिरची घ्यायची. धान्याचा मोठा भार रेशनवर भागतो. आमचे प्राधान्य कुटुंबाचे कार्ड आहे, त्यावर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो मिळते. लग्न होऊन आलेल्या सुनेचे आणि नव्या बाळाचे नाव कार्डावर चढवण्याचे काम आमच्या वस्तीत वर्षानुवर्षे राहून जाते, आणि प्रत्येक राहिलेल्या नावामागे महिन्याला ५ किलो धान्य जाते. हे काम मी सुटीत शेजारच्या घरांसाठी करते. अर्ज भरायला एक दिवस जातो. त्याचा उपयोग अनेक वर्षे होतो.

सरपणासाठी कपाशीच्या पऱ्हाट्या आम्ही वेचणी संपल्यावर मालकाच्या परवानगीने उपटून आणतो आणि पावसाआधी पत्र्याखाली रचून ठेवतो. गॅस फक्त सकाळच्या घाईसाठी वापरतो. पण चुलीच्या धुराने आईचा खोकला वाढला आहे, हेही मी येथे लिहिते, कारण धागाकर्त्या ताईंनी तोच प्रश्न विचारला आहे. आता पऱ्हाट्या अंगणात पाणी तापवायलाच जाळायच्या आणि स्वयंपाक दोन्ही वेळेला गॅसवर करायचा, असे मी घरी धरून बसले आहे.

धुळे, माध्यमिक शिक्षक

आमचे उत्पन्न पगाराचे असल्यामुळे माझा अनुभव वेगळा आहे. आमच्या घरी सगळ्यांत जास्त वाचले ते विजेत. घरगुती विजेचा दर टप्प्यांनी वाढतो: १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० पर्यंत त्याहून बराच जास्त आणि पुढे आणखी. १०१ वे युनिट पडले की सगळ्या बिलाला वरचा दर लागतो, असा समज शिक्षकांच्या खोलीतही ऐकू येतो, पण तो बरोबर नाही. वरचा दर वरच्या युनिटांनाच लागतो. तरीही वरची युनिटे महाग असल्यामुळे बचतही तिथूनच सुरू करावी.

जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅट घेतो आणि नवा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० वॅटच्या आसपास. आमच्याकडे चार पंखे उन्हाळ्यात रोज बारा तास चालतात. जुन्या पंख्यांनी महिन्याला सुमारे १०८ युनिटे जात, आता ४३ च्या जवळपास जातात. चारही पंखे एकदम बदलले नाहीत. जो बिघडेल तो दुरुस्त करण्याऐवजी बदलायचा, असे करत गेलो.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा थंडाव्यावर खर्च करायचा नाही असे म्हणणे म्हाताऱ्या माणसांच्या जिवाशी खेळण्यासारखे आहे. दीड टनाचा एसी तासाला एक ते दीड युनिट घेतो आणि घरगुती कूलर आठ तासांत तेवढेच. आपली हवा कोरडी असल्याने मे अखेरपर्यंत कूलर उत्तम काम करतो, मात्र खोलीची समोरची खिडकी उघडी हवी. सगळे बंद करून कूलर लावला की दमटपणा वाढतो आणि मग कूलर निकामी आहे असे वाटू लागते. जाळ्यांतले गवत दर वर्षी आखाजीच्या आधी बदलावे. गच्चीला चुन्याचा पांढरा हात दिल्यानंतर वरच्या खोलीत फरक जाणवला, आणि त्याला खर्च फार आला नाही.

ज्यांचा वापर बाराही महिने ३०० युनिटांच्या आसपास आहे, त्यांनी छतावरच्या सौर संचाचा विचार करावा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत ३ किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान आहे, आणि आपल्याकडच्या उन्हात एवढा संच महिन्याला साधारण तितकी वीज देतो. आमचा वापर कमी असल्याने आम्ही थांबलो आहोत.

नंदुरबार, किराणा दुकान चालवणाऱ्या कुटुंबातील सून

मिरचीबद्दल थोडेसे. आमच्या बाजारात हिवाळ्यात ओली लाल मिरची येते आणि पथाऱ्यांवर वाळते. घरापुरती मिरची ओली घेऊन गच्चीवर वाळवली तर स्वस्त पडते, पण तीन ते चार किलो ओल्या मिरचीची एक किलो होते, हे धरूनच हिशोब करावा. ज्यांना ऊन आणि जागा नाही त्यांनी फेब्रुवारी-मार्चमध्ये देठासकट वाळलेली मिरची घ्यावी, देठ घरी खुडावेत आणि डोळ्यांसमोर कांडून घ्यावे. तयार पावडर दुकानात आम्ही विकतो, तरीही घरासाठी हेच करतो.

भुसावळ, बचत गटाच्या सदस्या

आमच्या गल्लीत पापड, कुरडया आणि बिबडे पाळीपाळीने होतात. आज एकीच्या घरी, उद्या दुसरीच्या. एकटीने पाच किलो उडदाचे पापड लाटायचे म्हटले तर तो छळ आहे. दहा जणी बसल्या तर दुपारी काम संपते आणि मजुरी द्यावी लागत नाही. बिबड्यांचे ज्वारीचे पीठ मोठ्या पातेल्यात घाटताना मनगट भरून येते, म्हणून ते काम तरुण मुलींकडे आणि मुलांकडेही दिलेले आहे.

गटात आम्ही दर महिन्याला ठरलेली रक्कम जमा करतो आणि गरजेला त्यातूनच कर्ज घेतो. शाळेच्या प्रवेशाच्या दिवसांत याचा फार उपयोग होतो. दारावर येऊन वसुली करणाऱ्या कर्जवाल्यांकडे आमच्यातली एकही बाई आता जात नाही. गटाची वही प्रत्येक बैठकीत मोठ्याने वाचली जाते, आणि माझ्या मते गट टिकण्याचे खरे कारण तेच आहे.

अमळनेर, निवृत्त कर्मचारी

वाचवलेला पैसा कुठे ठेवावा, यावर कोणीतरी लिहायलाच हवे. आमच्या नात्यातल्या एका कुटुंबाने मुलीच्या लग्नासाठी साठवलेली रक्कम जास्त व्याज मिळते म्हणून एका पतसंस्थेत ठेवली होती. संस्था अडचणीत आली आणि लग्न कर्ज काढून करावे लागले. बँकेतल्या ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेत, व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये १ लाखावरून वाढवण्यात आली. सहकारी बँकांनाही ते लागू आहे, पतसंस्थांना नाही. दोन्ही पाट्यांवर ‘सहकारी’ लिहिलेले असते आणि सामान्य माणसाला फरक कळत नाही. ठेव ठेवण्यापूर्वी हा एक प्रश्न विचारावा.

आम्ही स्वतः टपाल कार्यालयातील पाच वर्षांची आवर्ती ठेव आणि नातीसाठी सुकन्या समृद्धी खाते पसंत केले. हे खाते मुलगी दहा वर्षांची होण्याआधी उघडावे लागते, वर्षाला किमान २५० रुपये भरावे लागतात, पंधरा वर्षे भरणा असतो आणि खाते एकवीस वर्षांनी पूर्ण होते. आजी दर महिन्याला भाजीच्या पैशांतून उरलेले त्यात भरते.

लग्नाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो: आमच्या भाऊबंदकीत आता आहेराच्या साड्या आणि टोप्या-टॉवेल यांची देवाणघेवाण बंद आहे. कोणी न वापरणाऱ्या त्या वस्तू घरोघरी फिरत होत्या. पहिल्या वर्षी नाराजी झाली, नंतर सगळ्यांनाच हायसे वाटले.

साक्री, रोज प्रवास करणारी नोकरदार महिला

एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास आहे. मी स्कूटीने धुळ्याला जात होते. आता बसने जाते. पेट्रोलचा खर्च गेला, महामार्गावरची धास्तीही गेली.

नवापूर तालुका, आशा कार्यकर्ती

घरोघरी जाताना मला तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर डोळ्यांनी दिसते. पैसे कमी पडले की प्रथम दूध बंद होते, मग डाळ पातळ होते, आणि घट्ट डाळ पुरुषांना आणि मुलांना वाढून झाल्यावर उरलेले पाणी सुनेच्या वाट्याला येते. तीच सून काही महिन्यांनी रक्त कमी म्हणून दवाखान्यात येते आणि वाचवलेल्या डाळीच्या कितीतरी पट पैसा रिक्षात आणि औषधात जातो. म्हणून काटकसरीच्या यादीतून डाळ, शेंगदाणे, अंडी आणि हिरवी भाजी या वस्तू आधी बाजूला काढाव्यात, मग बाकीच्या खर्चाकडे पाहावे. लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या उपकेंद्रात मोफत मिळतात, त्या विकत घेऊ नयेत.

रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव लिहून द्यायला सांगावे आणि जनऔषधी केंद्रात विचारावे. किमतीत मोठा फरक पडतो. पैसे वाचवायला म्हणून गोळी एक दिवसाआड घेणारे पुष्कळ लोक मला भेटतात. कृपया असे करू नये.

एका पाड्यावरच्या सासूबाईंनी माझ्या सांगण्यावरून वाढण्याची रीत बदलली आहे. भाकरी, डाळ आणि भाजी मध्ये ठेवून सगळे एकाच वेळी जेवायला बसतात आणि सुनेच्या ताटात डाळ त्या स्वतः वाढतात. यासाठी त्या घराला एक रुपयाही जास्त लागलेला नाही.