नुसता हात लावला तरी दुखतं, अशा पेशंटला व्यायाम कसा द्यायचा?

प्रश्न – नवी_फिजिओ
एक पेशंट आहेत, पंचेचाळीशीच्या, तीन वर्षं कंबर मान खांदे सगळंच दुखतंय, एमआरआयमध्ये थोडा डिस्क बल्ज (मणक्यांमधली चकती जराशी फुगलेली) सोडला तर काही नाही. आयएफटी (सौम्य विजेचं मशीन), अल्ट्रासाऊंड (उपचाराचं मशीन, सोनोग्राफी नव्हे), मसाज सगळं देऊन झालं, मसाजनंतर तर दोन दिवस अंथरुणात. ब्लाऊजची शिवण टोचते म्हणतात, झोप नाही, आणि घरचे म्हणतात नाटकं करते. सीएसआय (सेन्ट्रल सेन्सिटायझेशनची लक्षणं मोजणारी प्रश्नावली) फॉर्म भरून घेतला, 58 आले. आता पुढे काय करायचं?

उत्तर – कंबरकसून
सेन्ट्रल सेन्सिटायझेशनचंच (म्हणजे मज्जासंस्थाच जास्त संवेदनशील होऊन साध्या स्पर्शानेही दुखणं) चित्र दिसतंय. पण 40 च्या वर स्कोअर म्हणजे निदान झालं असं धरू नका, टेन्शनमध्ये असलेल्या माणसाचाही स्कोअर चढतो. वजन कमी होतंय का, लघवी-संडासवरचा ताबा, पायातली ताकद हे आधी बघा, थायरॉइड बघितलंय का ते डॉक्टरांना विचारा.
मग पहिलं सेशन नुसतं बोलण्यात घालवा. सोसायटीत उभ्या गाडीवर मांजर चढली तरी अलार्म बोंबलतो ना, तसं झालंय, वेदना शंभर टक्के खरी आहे फक्त तेवढी इजा तिथे नाहीये, असं सांगा. "मनाचे खेळ आहेत" हे चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नका, पेशंट परत येत नाही. आणि हे नवऱ्यालाही समोर बसवून सांगा.
व्यायाम घड्याळावर, दुखण्यावर नाही. वाईट दिवशीसुद्धा आठ मिनिटं चालता येत असेल तर सहापासून सुरू, आणि बरं वाटलं म्हणून वीस करायची नाहीत, हे त्यांना बजावून सांगावं लागतं कारण चांगल्या दिवशी बायका अख्खं घर आवरून काढतात. थोडं दुखणं वाढलं आणि 24 तासांत खाली आलं तर चालेल, नाही आलं तर डोस कमी.

उत्तर – गॅलरीतली_वॉक
मी फिजिओ नाही, पेशंट आहे (फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर सतत दुखण्याचा आजार). माझ्या मॅडमनी सुरुवातीला दंडावर मऊ सुती कापड मीच माझ्या हाताने फिरवायचं एवढंच दिलं होतं, मला वाटलं ही काय ट्रीटमेंट, पण हळूहळू टर्किश टॉवेलपर्यंत आलो. उपयोग झाला. सुया आणि कोपराने दाबणारा मसाज मात्र नको हो.

उत्तर – कंबरकसून
बरोबर, अशांना डीप टिश्यू (खोल दाबाचा मसाज) सुरुवातीला नकोच. आणि झोपेचं विसरू नका, झोप बिघडली की दुसऱ्या दिवशी सगळं जास्त दुखतं. ड्युलोक्सेटिन, प्रेगाबालिन वगैरे औषधं डॉक्टर ठरवतील, आपण त्यात पडायचं नाही.

नवी_फिजिओ
थँक्यू. एकच अडचण, मशीन लावलं नाही तर त्यांना वाटतं ट्रीटमेंटच दिली नाही, पैसे फुकट गेले.

उत्तर – कंबरकसून
टेन्स (त्वचेवर पॅड लावून सौम्य वीज देणारं छोटं मशीन) लावून द्या की, पण चालताना. नुसतं पडून नाही.