उडी बिघडतेय ती लूपमुळे

भुईकोट किल्ल्याच्या गेमसाठी स्वतःचं इंजिन (गेम चालवणारा मूळ प्रोग्राम) आणि नकाशे बनवायचा एडिटर लिहिताय, आणि ६० हर्ट्झच्या (सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या) मॉनिटरवर नीट बसणारी उडी जुळे सोलापुरातल्या मित्राच्या १४४ हर्ट्झवर बिघडते, असं म्हणताय. उडीचे आकडे बदलत बसू नका, दोष लूपचा, म्हणजे गेम पुन्हापुन्हा पुढे सरकवणाऱ्या चक्राचा आहे. हालचाल फ्रेममागे, म्हणजे दर चित्रामागे मोजलीत की तिथे ती सेकंदाला १४४ वेळा होते. नुसतं डेल्टा टाइमने (मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळेने) गुणूनही भागत नाही, कारण वेळेची पायरी बदलली की उडीची उंची थोडी बदलतेच.

गेलेला वेळ एका व्हेरिएबलमध्ये साठवा. त्यात १६.६७ मिलिसेकंद (सेकंदाचा साठावा भाग) जमले की एक अपडेट, म्हणजे हालचालीचा एक हिशोब चालवा, तेवढा वेळ वजा करा, उरलेला पुढच्या फ्रेमला न्या. चित्र मागच्या आणि आताच्या जागेच्या मध्ये, उरलेल्या वेळेच्या प्रमाणात काढा. एका फ्रेमचा वेळ ०.२५ सेकंदावर कापाच, नाहीतर लॅपटॉप झोपेतून उठला की हजारो अपडेट एकदम चालतात आणि गेम गोठतो.

एडिटरचं एवढंच: नकाशाच्या फाइलमध्ये टाइलचा (नकाशाच्या चौकोनी तुकड्याचा) क्रमांक नको, नाव लिहा. उद्या यादीत मध्येच ‘बुरूज’ घातलात की पुढचे सगळे क्रमांक सरकतात आणि जुन्या नकाशात तटाच्या जागी दरवाजे उगवतात. फाइलच्या पहिल्या ओळीत आवृत्ती क्रमांकही आजच टाका.