जुना सी हॉक किट (१/७२) : पंख मिटलेले दाखवायचे आहेत, आतलं काम कसं करू?

कुडाळकर_७२
नमस्कार मंडळी. माझ्याकडे सी हॉक या नौदलाच्या जुन्या लढाऊ जेट विमानाच्या प्लॅस्टिक मॉडेलचा (१/७२, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याचा) खूप जुना इंग्लिश किट आहे. प्लॅस्टिक जाड, रिवेट सगळे उठावाचे, कॉकपिटमध्ये एक साधा बाक आणि त्यावर पायलट, बाकी पोकळ. पंख सरळ, मिटवायची सोयच नाही. हल्ली या विमानाचे याहून कितीतरी चांगले किट निघालेत, पण मला हाच करायचाय. माझे मामा नौदलात होते, जुन्या विक्रांतच्या फ्लाइट डेकवर विमानं ढकलायचं आणि साखळ्यांनी बांधायचं काम करायचे. हा किट त्यांनी त्याच काळात घेतला होता आणि तो तसाच बंद डब्यात राहिला. आता त्यांच्या हातात स्थिरता नाही, म्हणून मला दिला.

त्यांची अट एकच. "पंख मिटलेलं कर. आमच्या हातात यायचं ते मिटलेलंच. उघडलेलं म्हणजे उडायला निघालेलं."

तर पंख कुठून आणि कसा कापू? कापल्यावर आत जे दिसतं (रिब म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या आतल्या पट्ट्या, नळ्या, बिजागऱ्या) ते कशाचं करू? प्लास्टिकार्ड (मॉडेलसाठीचा प्लॅस्टिकचा पातळ पत्रा) इथे मिळत नाही, मागवलं तर कुरियरचाच खर्च जास्त. श्रीखंडाच्या डब्याचं झाकण चालेल का? आणि कॉकपिटवर किती मेहनत घ्यावी?

वास्कोकर
कुडाळहून गोवा तुम्हाला जवळच. बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात खरं सी हॉक बाहेर उघड्यावर ठेवलंय, सुपर कॉन्स्टेलेशन हे जुनं मोठं विमानही तिथेच आहे. सोमवारी बंद असतं. कॅमेऱ्याचं दारावर विचारून घ्या. वाकून चाकांच्या खोबणी बघा, पंखाच्या मुळातली हवेची तोंडं बघा आणि मागे दोन्ही कुशींतून निघणारे एग्झॉस्ट (जळालेला वायू बाहेर पडायची तोंडं) बघा. रंगावर मात्र विसंबू नका. खाऱ्या वाऱ्यात उभी असलेली विमानं पुन्हा पुन्हा रंगवावीच लागतात. मामांना नेता आलं तर जरूर न्या, फोटोत न कळणाऱ्या दहा गोष्टी ते बोट ठेवून दाखवतील.

डोंबिवलीचा_स्क्रॅचवाला
मामांचं म्हणणं अगदी बरोबर आहे. आधी तुमचा शेवटचा प्रश्न घेतो, म्हणजे कामाची वाटणी ठरेल.

सी हॉकचं कॉकपिट लहान आणि जुन्या किटची काच जाड. आत काय केलंय ते वरून जेमतेम दिसतं. डोळा जातो तो खुर्चीच्या माथ्यावर. मार्टिन-बेकर कंपनीच्या त्या जुन्या इजेक्शन सीटला (पायलटला विमानाबाहेर फेकणाऱ्या खुर्चीला) डोक्यावर ओढायचं हँडल असायचं, ते ओढलं की तोंडावर पडदा येऊन सीट सुटायची. ते हँडल तारेचं करा, पट्टे करा, पॅनेल काळं रंगवून त्यावर घड्याळांचे ठिपके द्या. तेवढं पुरे. बाकी सगळा जीव पंखाच्या जोडावर ओता, कारण मिटलेल्या पंखाची दोन्ही कापलेली तोंडं बघणाऱ्यासमोर उघडी असतात. लपवायला जागाच नाही.

कापण्याबद्दल. पंखाचा वरचा आणि खालचा भाग चिकटवण्याआधी चिकटपट्टीने एकत्र बांधा. रेघ वर-खाली एकाच जागी आली पाहिजे. जोड मुख्य चाकांच्या बाहेरच्या बाजूला येतो, पण नेमकी जागा आराखड्यावरून घ्या, किटवरच्या रेघेवर भरवसा ठेवू नका. मग करवत नको. कटरच्या पात्याची पाठ पट्टीला लावून हलक्या हाताने पुन्हा पुन्हा ओढा, प्लॅस्टिकचा बारीक दोरा निघत राहतो आणि भाग आपोआप सुटतो. पात्याच्या धारेने कापलं तर कडा दोन्हीकडे फुगते.

सुटलेल्या तोंडाची कडा आतून घासा. ही पायरी कुणी गाळू नये. १/७२ मध्ये १ मिमी म्हणजे खऱ्या विमानावर ७.२ सेंमी. पंखाचा पत्रा असा हातभर जाड दिसला की पुढची सगळी कारागिरी वाया. कडेपाशी दोन-तीन मिमी पट्टा आतून तिरका घासत न्या, शेवटी कडा उजेडासमोर धरली की तिच्यातून उजेड झिरपला पाहिजे.

रिबचा आकार काढायची माझी पद्धत सांगतो. दोन्ही भाग नीट जोडून झाल्यावर पंखाचं तोंड स्टॅम्प पॅडवर टेकवा आणि कागदावर ठसा घ्या. बाहेरची रेघ हुबेहूब मिळते. तिच्या किंचित आतून रिब कापायची, म्हणजे ती पंखात सरकते. अगदी तोंडाशी बसवू नका, मिमीभर आत ढकला. पत्र्याची कडा पुढे आणि रिब सावलीत, यानेच खोली येते.

पंख वर मिटतो म्हणजे बिजागऱ्या वरच्या पत्र्यालगत आणि कुलपं खालच्या बाजूला. हे ध्यानात ठेवलं की फोटो वाचणं सोपं जातं. बिजागऱ्यांचे कान अर्ध्या मिमीच्या पत्र्याचे करा. पण पंखाचं वजन त्यांच्यावर टाकू नका, टाचणीचे दोन तुकडे आरपार घालून सुपरग्लूने बसवा आणि कान नुसते दिसण्यापुरते ठेवा. दोन्ही पंखांचा कोन सारखा यायला पुठ्ठ्याचा एक साचा कापून घ्या, सुकेपर्यंत पंख त्यालाच टेकलेले राहू देत.

नळ्यांसाठी जुन्या वायरमधली तांब्याची तार घ्या. ०.२ मिमीची तार या मापात साधारण १४ मिमीची नळी होते, हायड्रॉलिकला शोभते. आधी तार दोन पट्ट्यांच्या मध्ये लाटून सरळ करा. त्याहून बारीक काही हवं असेल तर किटची चौकट (सुटे भाग ज्या प्लॅस्टिकच्या काडीला जोडलेले येतात ती) मेणबत्तीच्या वर (ज्योतीत नव्हे) धरून मऊ करा आणि ओढा.

एग्झॉस्ट विसरू नका. या विमानात एकच नीन नावाचं जेट इंजिन आणि त्याची नळी मागे दोन फाट्यांत फुटते. जुन्या किटांत ती तोंडं उथळ असतात, ती कोरून खोल करा आणि आत काळपट करा.

पॉलिमरताई
श्रीखंडाच्या झाकणाबद्दल मी सांगते, माझं रोजचं काम प्लॅस्टिकचंच आहे. ही झाकणं बहुधा पॉलिप्रॉपिलीनची असतात, मॉडेलच्या गोंदाने ती चिकटणारच नाहीत. किटचं प्लॅस्टिक पॉलिस्टायरीन. डब्याच्या तळाशी त्रिकोणात ६ असेल तर घ्या, ५ असेल तर सोडा. आकडा नसेल तर छोटा तुकडा पाण्यात टाका. पॉलिप्रॉपिलीन तरंगतं, पॉलिस्टायरीन बुडतं. पीव्हीसीसुद्धा बुडतं, म्हणून बुडालेल्या तुकड्यावर गोंदाचा थेंब टाकून बघा. पृष्ठभाग मऊ होऊन चिकट झाला तर तुमचं काम झालं. काही डिस्पोजेबल कप आणि सीडीच्या पारदर्शक डब्या पॉलिस्टायरीनच्या असतात, पण सीडीची डबी ठिसूळ, रिबला नको.

जुनं एटीएम कार्ड ०.७६ मिमी जाड असतं. ते पीव्हीसीचं, म्हणून सुपरग्लूच वापरा. बिजागऱ्यांच्या कानांना मस्त.

आणि एमईकेसारखं सॉल्व्हंट (प्लॅस्टिक विरघळवणारं पातळ रसायन) वापरणार असाल तर खिडकी उघडी ठेवा, मेणबत्तीचं काम त्या दिवशी करू नका. मामा शेजारी बसणार असतील तर जास्तच सांभाळा.

कुडाळकर_७२
तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. पाण्याची परीक्षा लगेच केली. श्रीखंडाचं झाकण तरंगलं, दह्याचा कप बुडाला आणि त्यावर गोंदही धरला. कापायची रेघ मामांना दाखवली तर ते म्हणाले, मिटलेले पंख नुसते सोडत नसत, वारा असला की आधार देऊन अडकवत. म्हणजे तो आधाराचा दांडाही करायला हवा. कशाचा करू?

डोंबिवलीचा_स्क्रॅचवाला
उत्तम, हे मामांशिवाय कुणी सांगितलं नसतं. दांडा ओढलेल्या प्लॅस्टिकचा नको, उन्हाळ्यात वाकतो. गिटारची सगळ्यात बारीक तार घ्या, पोलादी असते, सरळच राहते. दोन्ही टोकांना कागदाची बारीक चकती. पण तो कुठून कुठे लागायचा, हे मामांकडून कागदावर काढून घ्या आणि ते चित्र इथे टाका. विमानाला वर रंग एक्स्ट्रा डार्क सी ग्रे (गडद राखाडी), खाली स्काय (फिकट हिरवट). तो दांडा कुठल्या रंगाचा होता तेही त्यांनाच विचारा.