मदत हवी आहे: वाचनालयातील लिनक्सचे डीफॉल्ट ठरवायचे आहेत, पण वाचकांवर लादायचे नाहीत

नमस्कार.

परभणी जिल्ह्यातील एका गावच्या सार्वजनिक वाचनालयातील संगणकांची देखभाल मी करतो. विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. देणगीत मिळालेली आमची यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नसल्यामुळे त्यांवर डेबियन १३ ही लिनक्स प्रणाली आणि नोम डेस्कटॉप (खिडक्या, मेनू दाखवणारा भाग) बसवला. यंत्रे नीट चालत आहेत. प्रश्न आहे तो सेटिंग कोणी ठरवायची आणि ती कुठवर कायम ठेवायची, याचा.

आमच्याकडे स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले येतात, सातबारा पाहायला आणि पीकविम्याचा किंवा महाडीबीटीचा अर्ज भरायला शेतकरी येतात, आणि उर्दू माध्यमात शिकलेले वाचकही बरेच आहेत. मराठी टंकलेखनातही एकवाक्यता नाही. कोणाचा हात इनस्क्रिप्ट या प्रमाण देवनागरी कळफलकावर बसलेला असतो, तर कोणी मोबाइलच्या सवयीने रोमन अक्षरे दाबून मराठी उमटण्याची अपेक्षा धरतो. या सर्वांसाठी सध्या एकच सामायिक खाते आहे. त्यामुळे सकाळी एखाद्या मुलीने उर्दू कळफलक निवडला, तर दुपारी अर्ज भरायला बसलेल्या आजोबांनाही तोच मिळतो. एकाची निवड दुसऱ्यासाठी सक्ती ठरते, आणि दोघांपैकी कोणाचीही त्यात चूक नसते.

खिडक्यांच्या बटणांचेही तसेच आहे. नोममध्ये मूळ मांडणीत खिडकीच्या कोपऱ्यात केवळ बंद करण्याची फुली असते. खिडकी खाली दडवण्याची आणि मोठी करण्याची बटणे दिसत नाहीत. ज्यांनी आयुष्यभर तीन बटणे पाहिली आहेत, ते वजाबाकीची खूण शोधत राहतात. ट्वीक्स या सेटिंग बदलण्याच्या जादा साधनातून ती बटणे परत आणता येतात हे मला ठाऊक आहे, परंतु महिन्यातून एखाद्या वेळी येणाऱ्या माणसाने ते शोधून काढावे, ही अपेक्षा मला रास्त वाटत नाही.

मुक्त सॉफ्टवेअरमध्ये हा वाद जुना आहे. २००२ मध्ये आलेल्या नोम २ च्या वेळीच पर्याय कमी करण्याचे धोरण स्वीकारले गेले. त्यामागचे कारण मला पटते: प्रत्येक नवा पर्याय इतर सर्व पर्यायांच्या सोबत तपासावा लागतो, आणि स्वयंसेवकांचा वेळ मर्यादित असतो. २०११ मध्ये नोम ३ ने डेस्कटॉपची सगळी रचनाच बदलली, तेव्हा ज्यांना जुनी रचना हवी होती त्यांनी नोम २ चा कोड घेऊन माटे हा डेस्कटॉप उभा केला, आणि लिनक्स मिंट या प्रणालीच्या मंडळींनी सिनॅमन हा डेस्कटॉप घडवला. हे स्वातंत्र्य मोलाचे आहेच. मात्र ‘पसंत नसेल तर कोड बदला’ हे उत्तर ज्याला कोड लिहिता येतो त्याच्या उपयोगाचे आहे; सार्वजनिक संगणकावर अर्धा तास बसणाऱ्या माणसाच्या वाट्याला जे येते, ते देखभाल करणाऱ्याने ठरवलेले असते. आमच्या वाचनालयापुरता तो ठरवणारा मी आहे, म्हणूनच मला हे विचारपूर्वक करायचे आहे.

माझ्या अभ्यासाप्रमाणे डीकॉन्फमध्ये, म्हणजे नोमची सेटिंग साठवणाऱ्या व्यवस्थेत, यासाठी दोन निरनिराळ्या सोयी आहेत. इटीसी (/etc) या प्रणालीच्या सेटिंगच्या फोल्डरमधील डीकॉन्फच्या प्रोफाइलमध्ये वापरकर्त्याच्या डेटाबेसखाली एक सामायिक डेटाबेस जोडायचा, त्यात आपली मूल्ये लिहायची आणि ‘डीकॉन्फ अपडेट’ ही आज्ञा चालवायची, म्हणजे ती मूल्ये सर्वांसाठी डीफॉल्ट होतात. वापरकर्त्याने बदल केला, तर त्याचे मूल्य वरचढ ठरते. त्याच ठिकाणी लॉक्स नावाच्या फोल्डरमध्ये एखाद्या सेटिंगचे नाव लिहिले, तर मात्र ती वापरकर्त्याला बदलताच येत नाही. मला शक्यतो पहिलीच सोय वापरायची आहे. फॉन्टचा आकार, कळफलक, बटणे, स्क्रीन वाचून दाखवणारी ऑर्का, यांपैकी काहीही कुलूपबंद करू नये असे माझे ठाम मत आहे, कारण कमी दिसणाऱ्या वाचकासाठी अक्षर मोठे करता येणे ही चैनीची गोष्ट नाही. इंटरनेटचा मार्ग ठरवणाऱ्या प्रॉक्सीसारख्या, बिघडल्यास सर्वांचेच काम अडवणाऱ्या सेटिंगला मात्र कुलूप लावायला माझी हरकत नाही.

आता अडचण अशी की सामायिक खात्यात वापरकर्त्याचे मूल्य एकदा लिहिले गेले की माझे डीफॉल्ट मागे पडते. प्रत्येक वेळी सर्व पुसले जाणारे पाहुणा-खाते ठेवले, तर उर्दू वाचकाला दर वेळी पहिल्यापासून मांडणी करावी लागेल. प्रत्येक सभासदाला स्वतंत्र खाते द्यावे, तर पासवर्ड विसरणाऱ्यांची रांग माझ्यासमोर लागेल, आणि सभासद नसलेले लोक बाहेरच राहतील.

सध्या माझ्या मनात मराठी, उर्दू आणि इंग्रजी अशी तीन सामायिक खाती आहेत. तिन्हींत सर्व कळफलक उपलब्ध राहतील, फक्त त्यांचा क्रम वेगळा असेल, आणि बाहेर पडताना खाते मूळ स्थितीवर येईल. शाळा, महाविद्यालय किंवा ग्रंथालयात कोणी अशी व्यवस्था चालवली असल्यास अनुभव सांगावा. कळफलकांचा क्रम खात्यानुसार वेगळा ठेवण्यासाठी प्रत्येक खात्याला स्वतंत्र डीकॉन्फ प्रोफाइल देणे योग्य, की लॉगिनच्या वेळी चालणारी छोटी स्क्रिप्ट पुरेशी आहे? आणि बाहेर पडताना त्या खात्याचा डीकॉन्फ डेटाबेस पुसण्यासाठी जीडीएमच्या (लॉगिनचा पडदा दाखवणारा भाग) पोस्टसेशन स्क्रिप्टचा, म्हणजे सत्र संपल्यावर चालणाऱ्या स्क्रिप्टचा, वापर करावा म्हणतो. ती वेलँड (पडद्यावर खिडक्या उमटवण्याची नवी पद्धत) सत्रातही भरवशाने चालते का, आणि मधेच वीज गेली तर साफसफाई पुढच्या वेळी संगणक सुरू होताना करून घेण्याची चांगली पद्धत कोणती?